पाच घरांचा ताळेबंद: कर, सरकारी खर्च आणि मजुरीच्या नियमांनी विषमता किती हलते, हे कसं मोजावं

महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुष नोकरदाराच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची एक ओळ असते. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महिना १०,५०० मिळवणारा सुरक्षारक्षक २,५०० भरतो आणि महिना २ लाख मिळवणाराही २,५००च भरतो. पहिल्याच्या वर्षाच्या कमाईतले जवळपास २ टक्के जातात, दुसऱ्याच्या कमाईतला ०.१ टक्का. (महिला नोकरदारांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत सूट आहे.) २,५०० ची ही कमाल मर्यादा राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. १९८८ साली ती २५० वरून २,५०० झाली आणि तिथेच थांबली.

एवढंच पाहिलं तर हा कर उफराटा आहे: कमी कमावणाऱ्यावर जास्त भार. पण १९७५ साली तो लावला गेला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं आणि दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, ही वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेमागची बांधणी होती. कर आणि त्यातून झालेला खर्च एकत्र मांडला की तोच कर विषमता कमी करणारा ठरू शकतो. म्हणून एकटा कर किंवा एकटी योजना घेऊन निकाल देऊ नये. सगळी साखळी मांडावी. ती कशी मांडायची, ते इथे एका नमुन्यावर दाखवलं आहे. कॉलेजचा अभ्यासगट, ग्रामसभेत बोलणारे कार्यकर्ते, तालुक्याचे बातमीदार, कुणालाही हे वही-पेन्सिलीवर जमतं. साधं स्प्रेडशीट असेल तर एका संध्याकाळचं काम.

घरं निवडणं आणि उत्पन्न विचारणं

पाच ते दहा घरं पुरे. पण त्यात वरचं घर हवंच. गावपातळीवरच्या बहुतेक पाहण्यांमध्ये श्रीमंत घर सुटतं, कारण तिथे दारातूनच परत पाठवतात. ते सुटलं की विषमता कागदावर आपोआप कमी दिसते. घरातली माणसं सारखी नसतील तर प्रत्येक आकडा माणसांच्या संख्येने भागून दरडोई करावा. आपल्या नमुन्यात सगळी घरं चार माणसांची धरली आहेत.

"वर्षाला किती कमावता?" हा प्रश्न कधीही विचारू नका. मजुराला त्याचं उत्तर देता येत नाही आणि सधन माणूस देत नाही. हंगामाने विचारा: सोयाबीन काढणीला किती दिवस गेलात, हजेरी (दिवसाची मजुरी) काय मिळाली, कापूस वेचणीला किलोमागे काय भाव होता, उन्हाळ्यात काय केलं. ऊसतोडीला जाणारं घर असेल तर एका कोयत्यामागे (तोडणाऱ्या जोडीमागे) किती टन पडला ते विचारा आणि टनाच्या दराने हिशेब करा. मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्नात धरायची नाही, ते कर्ज आहे. ही चूक फार होते. उचल आणि टनाचे पैसे दोन्ही मिळवले की त्या घराचं उत्पन्न दुप्पटीच्या जवळ दिसायला लागतं. शेतकऱ्याच्या पट्टीतून (माल विकल्याच्या पावतीतून) बियाणं, खतं, फवारणी, ट्रॅक्टर आणि मजुरी वजा करा. घरी खायला ठेवलेलं धान्य बाजारभावाने उत्पन्नात मिळवा.

आता आपला नमुना. हे आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. दर आणि नियम मात्र खरे आहेत.

भूमिहीन शेतमजुराचं घर: १,२०,०००
कोरडवाहू शेतकऱ्याचं घर: २,००,०००
गोदामातल्या कारकुनाचं घर: ३,६०,०००
शिक्षकाचं घर: ९,२०,०००
संगणक अभियंत्याचं घर: २४,००,०००

एकूण ४० लाख. याला बाजारातलं उत्पन्न म्हणू. सरकारने अजून ना काही घेतलं, ना काही दिलं.

विषमतेचा एक आकडा काढायचा तर गिनी गुणांक काढावा. घरं कमीपासून जास्तीकडे लावा. पहिल्याचं उत्पन्न १ ने, दुसऱ्याचं २ ने, असं क्रमाने गुणा आणि बेरीज करा: १.२ + ४ + १०.८ + ३६.८ + १२० = १७२.८ लाख. याची दुप्पट ३४५.६. तिला घरांची संख्या गुणिले एकूण उत्पन्नाने, म्हणजे ५ × ४० = २०० ने भागा: १.७२८. त्यातून (घरांची संख्या + १) भागिले घरांची संख्या, इथे ६/५ म्हणजे १.२, वजा करा. उत्तर ०.५२८.

शून्य म्हणजे सगळे सारखे. पाच घरांमध्ये हा आकडा जास्तीत जास्त ०.८ होतो, १ होत नाही. त्यामुळे आपला आकडा राज्याच्या किंवा देशाच्या आकड्याशेजारी ठेवू नका. त्याचा उपयोग एकाच घरांची तुलना करायला: आधी किती होता, नंतर किती झाला. प्रत्येक पायरीनंतर घरांचा क्रम पुन्हा तपासायचा. क्रम बदलला आणि गुणक जुनेच राहिले तर उत्तर चुकतं.

पहिली पायरी: थेट कर

आयकराच्या नव्या प्रणालीचे २०२५-२६ चे दर घेऊ. अभियंत्याच्या २४ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की २३,२५,००० करपात्र. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, ४०,०००. १२ ते १६ वर १५ टक्के, ६०,०००. १६ ते २० वर २० टक्के, ८०,०००. उरलेल्या ३,२५,००० वर २५ टक्के, ८१,२५०. बेरीज २,८१,२५०, तिच्यावर ४ टक्के उपकर धरून २,९२,५००. व्यवसाय कर २,५००. एकूण २,९५,०००.

शिक्षकाचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने सवलतीनंतर आयकर शून्य. व्यवसाय कर २,५००. कारकुनाचेही २,५००. पहिल्या दोन घरांकडून काही नाही.

इथे नवशिक्यांचा एक घोटाळा होतो: २३ लाखांवर सरसकट २५ टक्के लावून मोकळे होतात. दर फक्त त्या-त्या टप्प्यातल्या रकमेवर लागतो. आपल्या अभियंत्याचा खरा भार १२ टक्क्यांच्या थोडा वर आहे.

नवी बेरीज ३७ लाख, गिनी ०.५०७. एका घराच्या आयकराने ०.०२१ उतरवले.

नमुन्यात आयकर एवढा चोख काम करतो, कारण सगळ्यात वरचं घर पगारावर जगतं. प्रत्यक्षात अगदी वरच्या घरांचं उत्पन्न पगारातून येत नाही आणि सगळी गोम तिथे आहे. १ कोटी पगार असेल तर अधिभार आणि उपकरासह कर साधारण २९ लाख २६ हजार होतो. तेच १ कोटी वर्षाहून जास्त काळ ठेवलेले शेअर विकून नफा म्हणून आले असतील, तर १.२५ लाखांच्या वर १२.५ टक्के दर लागतो आणि अधिभार-उपकरासह कर १३ ते १४ लाखांच्या दरम्यान राहतो. शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुळातच वगळलेलं आहे, मग ते दोन एकरांचं असो की शंभर एकर द्राक्षबागेचं. वारसा संपत्तीवरचं शुल्क १९८५ मध्ये गेलं, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. तुमच्या यादीत बागायतदार किंवा गुंतवणुकीवर जगणारं घर असेल तर त्याचा कर वेगळा काढा, पगाराचा तक्ता लावू नका.

दुसरी पायरी: हातात आलेले पैसे

लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत असलेल्या २१ ते ६५ वयाच्या महिलेला महिना १,५०० मिळतात. पहिल्या दोन घरांत एकेक पात्र महिला धरली तर प्रत्येकी १८,०००. शेतकऱ्याच्या घरी शिवाय केंद्राच्या किसान सन्मानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे ६,०००, म्हणजे एकूण ३०,०००.

क्षणभर इथे थांबा आणि दोन्ही रकमा शेजारी ठेवून पाहा. पाच घरांत सगळ्यात गरीब घर मजुराचं आहे, पण त्याला शेतकऱ्यापेक्षा १२,००० कमी मिळाले. सातबाऱ्यावर नाव असणं हीच सन्मान निधीची पात्रता असल्याने भूमिहीन घर बाहेर राहतं. कोरडवाहू शेतकऱ्याला ते पैसे मिळू नयेत असं नव्हे. त्याचीही ओढाताण कमी नाही. पण योजनेची पात्रता कशावर ठरते, ही ओळ वाचल्याशिवाय ती विषमतेवर काय करेल हे सांगता येत नाही. शासन निर्णयात आधी पात्रतेचा आणि अपात्रतेचा परिच्छेद वाचा, रकमेचा नंतर.

पैसे जाहीर झाले म्हणून मिळाले असं धरू नका. पासबुकातल्या नोंदी पाहून वर्षात किती हप्ते पडले ते मोजा. आधार न जुळणं, बंद पडलेलं खातं, राहून गेलेलं ई-केवायसी यांनी हप्ते अडकतात आणि अडकलेला हप्ता बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या घराचा असतो.

आता घरं अशी: १,३८,०००; २,३०,०००; ३,५७,५००; ९,१७,५००; २१,०५,०००. गिनी ०.४९३.

तिसरी पायरी: दुकानात भरलेला कर

गरीब माणूस कर भरत नाही, असं सर्रास बोललं जातं. रिचार्जची पावती काढा. २९९ रुपयांच्या २८ दिवसांच्या रिचार्जमध्ये १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४५ रुपये ६१ पैसे. वर्षाला १३ रिचार्ज, घरात दोन फोन: जवळपास १,१८६ रुपये. शेतमजुराच्या मूळ उत्पन्नाचा तो १ टक्का होतो. अभियंत्याच्या घरी दोन फोनांवर तेवढाच कर, पण तो ०.०५ टक्का.

छापील किमतीतला कर काढताना किमतीला १८ टक्क्यांनी गुणू नका. कर किमतीच्या आतच असतो, म्हणून किंमत × १८ ÷ ११८. ५ टक्क्यांच्या वस्तूला किंमत × ५ ÷ १०५. शंभर रुपयांची टूथपेस्ट आधी १८ टक्क्यांत होती, तेव्हा तिच्यात १५ रुपये २५ पैसे कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून ती ५ टक्क्यांत आली आणि कर ४ रुपये ७६ पैसे झाला. अंगाचा साबण, शाम्पू, केसांचं तेल यांचंही तेच. दुकानदाराने छापील भाव खाली आणला का, हे मात्र जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवूनच कळेल.

प्रत्येक घराचा वर्षाचा खर्च चार कप्प्यांत टाका. सुटं धान्य, भाजीपाला, घरभाडं, शाळेची फी: शून्य. साखर, चहा, खाद्यतेल, औषधं, २,५०० च्या आतले कपडे आणि चपला, २५ किलोच्या आतलं पाकीटबंद धान्य: ५ टक्के. फोन, रिचार्ज, धुण्याची पावडर, सिमेंट, बहुतेक उपकरणं: १८ टक्के. चौथा कप्पा पेट्रोल-डिझेलचा. ते जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचं अबकारी शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. २०२५ च्या दरांनी राज्यात १०० रुपयांच्या पेट्रोलमागे ठोकळमानाने ४३ रुपये कर धरायला हरकत नाही. किराण्याचा अंदाज घ्यायला उधारीची वही सगळ्यात विश्वासू, आठवणीवर विसंबू नका. कर्जाचा हप्ता या कप्प्यांत घालायचा नाही.

नमुन्यातल्या घरांचा खर्च (शून्य / ५ टक्के / १८ टक्के / पेट्रोल या क्रमाने) आणि कर असा:

शेतमजूर: ७०,००० / ४२,००० / ११,८०० / पेट्रोल ८,०००. कर ७,२४०
शेतकरी: ९५,००० / ६३,००० / २९,५०० / २०,०००. कर १६,१००
कारकून: १,४०,००० / ८४,००० / ७०,८०० / ३६,०००. कर ३०,२८०
शिक्षक: २,६०,००० / १,२६,००० / १,७७,००० / ७०,०००. कर ६३,१००
अभियंता: ४,५०,००० / १,६८,००० / ३,५४,००० / १,२०,०००. कर १,१३,६००

रुपयांत अभियंता सगळ्यात पुढे आहे. पण हातात आलेल्या उत्पन्नाशी टक्केवारी काढा: मजूर ५.२, शेतकरी ७.०, कारकून ८.५, शिक्षक ६.९, अभियंता ५.४. सगळ्यात जड ओझं कारकुनाच्या डोक्यावर आहे. रोज दुचाकीवरून कामाला जाणारा, लाडकी बहीणच्या उत्पन्नमर्यादेच्या वर असलेला आणि मिळालेलं जवळजवळ सगळं खर्चून टाकणारा हा वर्ग. अभियंत्याकडे वर्षाअखेर १० लाखांच्या आसपास शिल्लक उरते आणि शिल्लक टाकलेल्या पैशावर दुकानातला कर लागत नाही. गिनी ०.४९३ वरून ०.४९६ वर गेला. वाढ थोडी आहे, पण दिशा उलटी आहे.

हा हिशेब थोडा कमीच येतो. भाजी करमुक्त असली तरी ती आणणाऱ्या टेम्पोच्या डिझेलवर कर असतोच. तो पकडायचा प्रयत्न करू नका, घरगुती पद्धतीने तो सापडत नाही. फक्त अहवालात तसं लिहा.

चौथी पायरी: रेशन आणि शाळा

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मोफत. चार माणसांना वर्षाला २४० किलो. बाजारात तसंच धान्य २८ रुपयांनी मिळतं असं धरलं तर ६,७२०. ही रक्कम पहिल्या दोन घरांत मिळवू. मात्र यादीत नाव आहे का, हे शिधापत्रिका हातात घेऊनच पाहा. राज्यात प्राधान्य गटाची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० अशी ठेवलेली आहे. आजच्या मजुरीत दोघं कमावती माणसं सहज तिच्या वर जातात. नवं वेगळं राहायला लागलेलं जोडपं अनेकदा इथेच अडकतं.

शाळेचं मोल काढायला जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा घेऊ. पट ४०, दोघांचे मिळून वर्षाचे पगार १२ लाख. एका मुलामागे ३०,०००. मजुराची दोन मुलं या शाळेत, शेतकऱ्याचं एक. कारकुनाने खासगी शाळेत घातली आहेत, त्याला शून्य. शिक्षकाचा मुलगा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे; फी वजा जाता सरकारचा त्याच्यावरचा खर्च ८०,००० धरू. शासकीय उच्च शिक्षणावरचा खर्च अनेकदा मधल्या-वरच्या घरांत पोचतो आणि प्राथमिक शाळेवरचा खालच्या घरांत. "शिक्षणावर इतके कोटी" या एका आकड्यावरून म्हणून काही ठरत नाही.

शेवटचे आकडे: १,९७,४८०, २,५०,६२०, ३,२७,२२०, ९,३४,४००, १९,९१,४००. गिनी ०.४६२. कारकुनाचं घर जिथून निघालं होतं त्याच्या खाली आलं आहे, हेही नोंदवा. मजुराच्या घराचा एकूण उत्पन्नातला वाटा ३ टक्क्यांवरून ५.३ वर आला, अभियंत्याचा ६० वरून ५३.८ वर. गिनीसोबत हे दोन वाटे नेहमी द्यावेत. अगदी खालच्या घरात काय झालं हे गिनी नीट सांगत नाही, वाटा सांगतो.

आता एकच आकडा बदला. त्या शाळेतलं एक पद रिकामं आहे. मुलामागे ३०,००० ऐवजी १५,०००. मजुराच्या घरातून ३०,००० गेले, शेतकऱ्याच्या घरातून १५,०००. गिनी ०.४७६. म्हणजे अभियंत्याच्या २ लाख ९२ हजारांच्या आयकराने जेवढी विषमता उतरवली होती, तिच्यातली दोन तृतीयांश एका रिकाम्या पदाने परत आणली. पाच घरांचा नमुना आहे, राज्याला हा आकडा लावता येणार नाही. पण रिक्त पदांची यादी हा विषमतेचा दस्तऐवज आहे आणि ती मागून घ्यायलाच हवी.

म्हणून सेवांचं मोल अर्थसंकल्पातल्या तरतुदीवरून काढू नका. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगळ्या रकमा असतात आणि त्यांत मोठी तफावत पडते. राज्याच्या बीम्स या अर्थसंकल्पी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर किती रक्कम वितरित झाली आणि किती खर्ची पडली ते पाहता येतं. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. एवढा एकच मोठा आकडा आला की बाकीच्या कुठल्या तरतुदी आवळल्या गेल्या हे शोधायचं काम बीम्सवरच होतं.

पाचवी पायरी: मजुरीचे नियम

आतापर्यंत बाजारातलं उत्पन्न आहे तसं धरून चाललो. मजुरीचं धोरण त्या उत्पन्नालाच हात घालतं, म्हणून त्याचा परिणाम पाहायचा तर सुरुवातीच्या यादीवर परत जावं लागतं. हिशेबातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा.

शेतमजुराच्या घराचे १,२०,००० कसे आले ते उलगडा. नवऱ्याला हजेरी ३०० रुपये, बायकोला २००. दोघंही २४० दिवस. ७२,००० आणि ४८,०००. समान कामाला समान वेतनाचा नियम १९७६ पासून कायद्यात आहे. तो पाळला गेला आणि बाईलाही ३०० मिळाले, तर घरात वर्षाला २४,००० जादा येतात. लाडकी बहीणचे वर्षाचे १८,००० आहेत. बांधावर रोज कापले जाणारे १०० रुपये थांबले, तर सरकारी तिजोरीतून एक रुपया न जाता त्या बाईच्या हातात योजनेपेक्षा जास्त पैसे पडतात.

हे पैसे कुणाच्या खिशातून येतात, तेही मांडावं लागेल. कोरडवाहू शेतकऱ्याने वर्षात ४० दिवस बाई मजूर लावली असेल तर त्याचे ४,००० वाढतील. नवी यादी: १,४४,०००, १,९६,०००, बाकी तीच. गिनी ०.५२८ वरून ०.५२१. छोट्या शेतकऱ्यावर पडलेला हा भार खरा आहे. मालाला भाव न मिळता मजुरी वाढली तर खालच्याच दोन घरांत ओढाओढ होते. मजुरी आणि हमीभाव म्हणून एकाच कागदावर तपासावेत.

हजेरीचा दर वर खेचायला रोजगार हमीचा उपयोग होतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. देशपातळीवरचा कायदा २००५ चा आणि त्याखालचा महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४० आहे, तर आधी अकुशल मजुरी पूर्ण केंद्राकडून येत असे. तुमच्या गावात मस्टर (कामाचा हजेरीपट) कोणत्या कायद्याखाली निघतं ते पाहून वाटे लिहा.

गावात ३१२ चं काम खरोखर मिळत असेल तर २०० रुपयांत शेतावर कुणी येत नाही. शेतमालकाला दर वाढवावा लागतो. परिणाम असा दुहेरी असतो: हमीच्या कामाचे पैसे आणि शेतावरच्या दिवसांची वाढलेली हजेरी. पण काम फक्त कागदावर असेल तर दोन्ही नाहीत. तपासायचं ते एवढं: कामाची मागणी लेखी, नमुना ४ वर झाली का, तारखेसह पोच मिळाली का, कारण पंधरा दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजतात आणि पोच नसेल तर बेकारी भत्ता मागता येत नाही, मोजमाप वेळेवर झालं का. मजुरी कामाच्या मापावर निघते. मुरूम कठीण असेल आणि माप मऊ मातीचं लावलं असेल, तर दिवसभर राबूनही ३१२ पडत नाहीत. पैसे पंधरा दिवसांपेक्षा उशिरा आले की सावकाराकडून काढलेल्या हातउसन्याचं व्याज त्या मजुरीतून वजा करून पाहा.

शहरात किमान वेतन तपासताना तीन गोष्टी लागतात: उद्योगाची अनुसूची (तो कोणत्या यादीत येतो), परिमंडळ (तो भाग कोणत्या गटात येतो) आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल वर्ग. मूळ दरात विशेष भत्ता मिळवायचा, तो महागाई निर्देशांकानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. जुना भत्ता धरून "किमान वेतन मिळतं" असा शेरा मारला जातो, ही नेहमीची चूक. दुसरी चूक तासांची: महिन्याचा आकडा बरोबर दिसतो, पण पाळी बारा तासांची असते. आठ तासांचा दर काढा, वरच्या चार तासांना दुप्पट दर लावा, मग ठेकेदाराने किती दाबले ते दिसेल. बँकेत पूर्ण पगार जमा करून काही भाग रोख परत घेण्याचा प्रकार कागदावर कधीच सापडत नाही. तो कामगाराला एकट्याने, कामाच्या जागेपासून दूर विचारावा लागतो.

याच मुद्द्यावर महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या रचनेत मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (जादा आकार) माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला देते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांचे पैसे त्या लेव्हीतून येतात. रोज वेगळ्या गाळ्यावर ओझं वाहणाऱ्या हमालालाही त्यामुळे कायम नोकरदारासारखी मिळकत मिळू शकते. तुमच्या यादीत हमालाचं घर असेल तर त्याची मंडळाकडे नोंदणी आहे की नाही हे पहिल्यांदा लिहा. दोन हमाल, तेवढीच पोती, आणि वर्षाच्या मिळकतीत मोठा फरक, असं त्या एका नोंदीमुळे घडतं.

सरकारी आकड्यांशी ताडून पाहताना

देशाचा अधिकृत गिनी बहुधा घरगुती खर्चाच्या पाहणीतून येतो, उत्पन्नाच्या नव्हे. २०२३-२४ च्या पाहणीत तो ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ आला. दुसरीकडे वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संशोधन संस्थेच्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा असल्याचं मांडलं आहे. दोन्ही वाचून कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं, पण दोन्हींनी वेगळी गोष्ट मोजली आहे. आपल्याच नमुन्यात पाहा: अभियंत्याचं उत्पन्न मजुराच्या २० पट, खर्च मात्र ८ पटींच्या थोडा वर. खर्च मोजला की शिल्लक बाजूला पडते आणि विषमता कमी दिसते. त्यात अतिश्रीमंत घरं पाहणीत फारशी सापडत नाहीत. तुमच्या अहवालात उत्पन्न मोजलं की खर्च, हे पहिल्याच ओळीत लिहा आणि त्याच प्रकारच्या आकड्याशी तुलना करा.

एकदा तक्ता तयार झाला की एका वेळी एकच आकडा बदलून पुन्हा गिनी काढा: व्यवसाय कराची मर्यादा २,५०० ऐवजी वरच्या पगाराला जास्त, पेट्रोलवरचा कर कमी, भूमिहीन घराला सन्मान निधीएवढी रक्कम, शाळेतलं पद भरलेलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. तक्त्यावर तारीख आणि कोणत्या वर्षाचे दर घेतले ते लिहून ठेवा. आयकराचे टप्पे आणि रोजगार हमीचा दर १ एप्रिलला तपासा, विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत, जीएसटीचे दर परिषदेच्या प्रत्येक निर्णयानंतर, आणि राज्याच्या तरतुदी मार्चच्या अर्थसंकल्पानंतर एकदा व डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांनंतर पुन्हा एकदा.